एकट्याने धावलेली शर्यत

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली राज्य मैदानी स्पर्धा भरल्या होत्या. पुरुषांच्या शंभर मीटर धावण्याच्या अंतिम फेरीची वेळ झाली. पात्र ठरलेले धावपटू आठ; आरंभरेषेवर उभा राहिला तो एकटाच. ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी मैदानात आल्याची वार्ता पसरताच बाकीचे सात जण अंतर्धान पावले होते. कनिष्ठ गटातील स्टीपलचेस शर्यतीत तर एक मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही थांबली नाही. चाचणीसाठी नमुना मागणारा अधिकारी मागे आणि ती पुढे, असे दृश्य प्रेक्षकांनी पाहिले. त्याच स्टेडियमच्या प्रसाधनगृहात वापरलेल्या सिरिंजा पडलेल्या दिसल्या, त्याची चित्रफीत देशभर फिरली.

हा प्रसंग ऐकून प्रथम हसू येते. त्यात पळणाऱ्यांत कनिष्ठ गटातील मुलेही होती, हे लक्षात आल्यावर ते हसू टिकत नाही.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’ (मराठी कानाला हे नाव उगाचच घरचे वाटते), दरवर्षी चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध करते. २०२३ साली भारतीय खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २१३ दोषी आढळले. हे प्रमाण शेकडा ३.८ होते. २०२४ मध्ये चाचण्या वाढून ७,११३ झाल्या, दोषी नमुने २६०. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये सलग तीन वर्षे भारताचे प्रमाण सर्वाधिक राहिले. चीनमध्ये आपल्या कित्येक पट नमुने तपासले जातात आणि दोषी ठरणारे शेकड्याला एकाहूनही कमी असतात.

असे आकडे आले की आपल्याकडे एक ठरावीक प्रतिक्रिया उमटते. भारताला बदनाम करण्याचा हा डाव आहे, बड्या देशांचे खेळाडू मात्र सहीसलामत सुटतात, असे म्हटले जाते. बड्या देशांचे हात स्वच्छ नाहीत, हे खरेच आहे. पूर्व जर्मनीने सरकारी योजना आखून आपल्या कोवळ्या मुलींना संप्रेरके दिली. रशियाच्या सरकारी यंत्रणेचे कारस्थान २०१६ मध्ये चौकशीत उघड झाले. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. परंतु भारतीय खेळाडूंचे बहुतांश नमुने गोळा करते ती आपलीच ‘नाडा’. तेव्हा षड्यंत्राची भाषा येथे निरुपयोगी आहे. दुसऱ्याच्या अंगणातील चिखल दाखवल्याने आपले अंगण स्वच्छ होत नाही. ज्याला तिरंग्याविषयी खरोखर आस्था आहे, त्याने तर हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारला पाहिजे.

चाचणीचा नियम कठोर आहे आणि तो समजून घेणे आवश्यक आहे. खेळाडूला अधिकाऱ्याच्या नजरेसमोर लघवीचा नमुना द्यावा लागतो. तो ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत मोहोरबंद होतो आणि त्यावर केवळ क्रमांक असतो. प्रयोगशाळेला नाव कळत नाही. ‘अ’ नमुना दोषी निघाला तर खेळाडू ‘ब’ची तपासणी मागू शकतो. अव्वल खेळाडूंना आपण रोज कोठल्या तासाला कोठे सापडू, हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चुकले तर तोही गुन्हाच. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कोणी दिले, कशातून आले, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर.

या कलमाचा अर्थ भारतीय क्रीडाविश्वाला २०११ मध्ये पुरता कळायला हवा होता. दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत आणि पाठोपाठ ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत २०१० साली आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा अवघा देश हरखला होता. पुढच्याच वर्षी अश्विनी अकुंजी, सिनी जोस आणि मनदीप कौर या सुवर्णकन्यांसह चारशे मीटरच्या चमूतील सहा जणींच्या नमुन्यांत स्टिरॉइडे सापडली. प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांत भेसळ होती, असे त्यांचे म्हणणे. भारतातील समितीने एक वर्षाची बंदी घातली. लोझान येथील क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. त्यांचा परदेशी प्रशिक्षक पदावरून दूर झाला. आपण निर्दोष असल्याचे तो सांगत राहिला, आणि काही काळानंतर त्यालाच भारतीय चमूच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा पाचारण करण्यात आले. मुलींच्या नावापुढे मात्र तो शिक्का कायमचा राहिला. शिबिरात प्रशिक्षकाचा शब्द हाच कायदा असतो. शेतकरी, कामगार कुटुंबांतून आलेली मुलगी त्याने पुढे केलेली गोळी प्रयोगशाळेत तपासून घेईल, अशी अपेक्षा लवादाने करावी. पण आपणही तेवढ्यावरच थांबावे काय?

महाराष्ट्राच्या मनावरील ओरखडा २०१६ चा आहे. सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारा नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला होता. जून अखेरीस घेतलेल्या नमुन्यात मेथँडिनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या आहारात कोणीतरी ते मिसळले, असा त्याचा दावा होता. ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला तो मान्य केला आणि नरसिंग रिओला पोहोचला. ‘वाडा’ने या निर्णयाला आव्हान दिले. नमुन्यातील प्रमाण गोळीच्या रूपाने केलेल्या सेवनाशी जुळते, असे तज्ज्ञांचे मत पडले आणि लवादाने १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी फर्मावली. नरसिंगवर अन्याय झाला असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. पण मिसळले असेल तर कोणी, हे लवादापुढे पुराव्याने उभे करता आले नाही. आणि नियमाच्या दृष्टीने तेथेच प्रकरण संपले. एक गोष्ट उरतेच: देशाच्या अव्वल शिबिरात मल्लाच्या ताटावर कोणाचीही नजर नव्हती, ही कबुली त्याच्या बचावातच दडलेली होती.

क्रिकेटही यातून सुटलेले नाही. मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटलिन सापडले. हे द्रव्य खोकल्याच्या साध्या औषधांत असते. त्याने हेतुपुरस्सर घेतले नाही हे मान्य झाले, तरी आठ महिन्यांची बंदी टळली नाही. औषधाच्या दुकानातून विचारून-न-विचारता बाटली आणण्याची सवय ज्या घरात आहे (आणि ती कोणत्या घरात नाही?), त्या प्रत्येक घरातील होतकरू खेळाडूच्या पालकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तथापि जिल्हा पातळीवर जे चालते ते खोकल्याच्या औषधाचे प्रकरण नव्हे. तेथे हिशेब सरळ आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदले येथेही खेळाडूंची भरती होते. एका पदकाने घराचे दैन्य फिटते. अर्ध्या सेकंदाने पदक हुकते आणि ते अर्धे सेकंद भरून काढणारे इंजेक्शन कोठे मिळते, हे मैदानाजवळच्या कोणाला तरी ठाऊक असते. यकृत व हृदयावर होणारे परिणाम, मुलींच्या देहात घडणारे पुरुषी बदल यांविषयी त्या क्षणी कोणी बोलत नाही. ‘नाडा’ची नजर मुख्यतः राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंवर असते. परिणामी मुलगा तिच्या नजरेस पडतो तोवर त्याला सवय लागून गेलेली असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘नाडा’ २००५ मध्ये स्थापन झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता २०१९ मध्ये ‘वाडा’ने स्थगित केली होती. त्या काळात आपले नमुने परदेशी पाठवण्याची नामुष्की ओढवली, पण २०२१ च्या डिसेंबरात ती मान्यता परत मिळवली गेली. २०२२ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. ‘नाडा’च्या स्वायत्ततेविषयी ‘वाडा’ने आक्षेप घेतल्यावर २०२५ मध्ये तो दुरुस्तही झाला. चाचण्या वाढल्या म्हणून अधिक जण सापडले, हेही काही अंशी खरे.

परंतु २०२२ च्या कायद्याने दोषी खेळाडूवर बंदी येते, त्याचे पदक जाते. इंजेक्शन विकणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याची तरतूद त्यात करण्यात आली नाही. इटलीने २००० साली असा व्यापार हा फौजदारी गुन्हा ठरवला आणि जर्मनीतही तो फौजदारी गुन्हा आहे. आपल्याकडे प्रशिक्षकावर बंदी घालता येते, पण प्रत्यक्षात यादीत नावे दिसतात ती बहुतांशी खेळाडूंचीच. एकाच प्रशिक्षकाचे दोन शिष्य दोषी आढळले, तर त्याची चौकशी आपोआप सुरू व्हावी आणि ती संपेपर्यंत त्याला शिबिराबाहेर ठेवावे, एवढा साधा नियमही क्रीडा महासंघांनी केला तर पुष्कळ फरक पडेल.

शासनाची वाट न पाहता करता येण्याजोगे कामही आहे. महाराष्ट्रात गावोगावी तालमी आहेत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या शंभरी ओलांडलेल्या संस्था आहेत. या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली होती. दूध, बदाम, जोर-बैठका आणि वस्तादाचा धाक यांवर पोसलेली ही परंपरा आता पावडरीच्या डब्यांनी वेढली आहे. तालमीच्या फळीवर उभे असलेले डबे कोणी आणले, त्यांवर काय लिहिले आहे, मुलाचे वजन दोन महिन्यांत इतके कसे वाढले, हे विचारण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वस्तादाने, शाळेच्या क्रीडाशिक्षकाने आणि महिन्यातून एकदा तालमीत डोकावणाऱ्या बापाने ते विचारावे.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायची आहे. त्या स्पर्धेत धावणारी, झुंजणारी पुष्कळ मुले आज जिल्ह्याच्या मैदानांवर सराव करत असतील. ‘नाडा’च्या नोंदवहीत त्यांची नावे यायला अजून दोन-तीन वर्षे आहेत.