पंक्चर काढलं, पण कारण?

बाबांची १९६७ सालची फियाट. दर रविवारी कव्हर काढावं तर मागचं डावं चाक बसलेलं! पंक्चरवाल्याने तीनदा पॅच मारला. चौथ्यांदा मी शेजारी उभाच राहिलो.

ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले ते जुन्या पॅचच्या शेजारीच, रिमकडच्या बाजूने. आता बघा, रस्त्यावरचा खिळा घुसला तर भोक सहसा टायरकडच्या बाजूला पडतं. रिमकडे पडलं तर आधी रिम तपासायला हवी. हात फिरवला, तर गंजाचे पोपडे!

मग गंज घासून काढला, रंग वाळू दिला, रिमवर रबरी पट्टी चढवली, ट्यूबला टाल्कम पावडर चोळली. महिना झाला, हवा टिकून आहे.

आम्ही आयटीवाले तरी वेगळं काय करतो म्हणा! बग आला की मार पॅच. माझं म्हणणं एवढंच, भोक कुठे आहे ते बघितल्याशिवाय सोल्युशनची डबी उघडू नका. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पॅचचा नाद सोडा, सरळ नवी ट्यूब घाला. जुनेपणाचं कौतुक ठीक आहे हो, पण त्या गाडीत बाबा अजून बसतात.