ऑल सीझन नावाची थाप

परवा लंचला एक मित्र नव्या एसयूव्हीचे फोटो दाखवत होता. "ऑल व्हील ड्राइव्ह घेतलीय रे, आता मिनेसोटाच्या विंटरचं टेन्शन नाही." टेबलावरच्या समस्त देशी मंडळींनी माना डोलावल्या. मी विचारलं, टायर कुठले? म्हणाला, "जे शोरूममधून आले तेच. ऑल सीझन आहेत."

मी गप्प बसलो. एक तर डबा संपवायचा होता, आणि दुसरं म्हणजे टेबलावर वाद घालण्यात मी आधीच बदनाम आहे. म्हणून इथे लिहितोय.

ऑल व्हील ड्राइव्हने गाडी सुटते छान. चारही चाकांना जोर मिळतो, बर्फातून पटकन बाहेर पडते. पण ब्रेक? बाबांच्या जुन्या अल्टोपासून या एसयूव्हीपर्यंत प्रत्येक गाडीचा ब्रेक चारही चाकांवरच लागतो. थांबायच्या वेळी ऑल व्हील ड्राइव्हचा काडीचाही उपयोग नाही. तिथे फक्त टायरचं रबर आणि खालचा रस्ता, एवढाच मामला. उलट झटकन सुटल्यामुळे आपल्याला वाटतं की रस्ता बरा आहे, आणि आपण पाच-दहा मैल जास्तच मारतो.

आणि रबर म्हणाल तर ते थंडीत कडक होतं. साधारण सात डिग्री सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळ्याला सोसणारं रबर आपला लवचिकपणा सोडायला लागतं. इथे जानेवारीत उणे वीस म्हणजे नेहमीचंच. टायरवर एम अधिक एस अशी अक्षरं असतात, मड अँड स्नो. लोक ती दाखवून वाद जिंकतात. ती अक्षरं मुळात नक्षीच्या आकारावरून मिळतात, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही! तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तर त्या टायरची बर्फावर चाचणी झालेली असते. तुमच्या टायरवर ते चित्र आहे का? खाली जाऊन बघा. मी थांबतो.

आता हे ज्ञान मला जन्मजात नव्हतं. मी चार वर्षं मेकॅनिकल केलं (आणि मग अर्थातच जावा :)). व्हायवाला सरांनी विचारलं होतं, ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे काय? मी छातीठोकपणे सांगितलं, वेट. तो विंटर असतो. थंडीत ऑइल किती पातळ राहतं, त्याचा तो आकडा. असो.

तर झालं असं की मागच्या जानेवारीत याच मित्राच्या बाळाची लस होती. मित्र रिलीजमध्ये अडकलेला, म्हणून वहिनींना आणि बाळाला मी क्लिनिकमधून घरी सोडत होतो. माझी गाडी आपल्या परंपरेप्रमाणे ऑनसाइटवरून परत जाणाऱ्याकडून घेतलेली सेकंड हँड. टायर गोटा झालेले नव्हते, पण त्या वाटेवर होते. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला. वेग पंचवीस मैल असेल. पेडल पायाखाली थरथरायला आणि कडकडायला लागलं. मला वाटलं काहीतरी तुटलं, आणि मी पाय उचलला.

ते एबीएस होतं. ते तसंच थरथरतं. पाय दाबून धरायचा असतो, उचलायचा नसतो. अल्टोला एबीएस नव्हतं, मला ते कोणी सांगितलंच नव्हतं. गाडी लाल सिग्नल ओलांडून चौकात घुसली, आडवी झाली आणि पलीकडच्या फुटपाथच्या कडेला आपटून थांबली. डावीकडून येणारा पिकअप ट्रक वेळेवर थांबला. त्याचे टायर कुठले होते ते मी विचारलं नाही, पण अंदाज आहे. बाळ झोपलेलंच होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या माझ्या गाडीत बसलेल्याही नाहीत.

नंतर एक गोष्ट कळली, तिने जास्त झोप उडवली. बाळाला जाड फुगीर जॅकेट घालून आम्ही कार सीटचे पट्टे आवळले होते. धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते, पट्टे सैल पडतात आणि बाळ निसटू शकतं. जॅकेट काढायचं, पट्टे लावायचे, मग वरून पांघरूण घालायचं. दहा सेकंदांचं काम.

यावर नेहमीचं उत्तर येतं: "इथले गोरे लोक तरी कुठे घालतात विंटर टायर?" खरंय, बरेच जण घालत नाहीत, इथे तसा कायदाही नाही. पण त्यातल्या पुष्कळांना सोळाव्या वर्षी वडिलांनी रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन गाडी मुद्दाम घसरवायला लावलेली असते. आपण शिकलो कर्वे रोडवर. तिथे कौशल्य वेगळं लागतं आणि ते इथे शून्य कामाचं आहे. शेजारी कॅनडात क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ते लोक काय हौस म्हणून घालतात?

दुसरं उत्तर पैशाचं. मला स्टीलच्या रिम्ससकट चार टायरचे साधारण आठशे डॉलर पडले. वर्षाचे चार-पाच महिने हे झिजतात तेव्हा ते दुसरे झिजत नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सेलला टीव्ही घेताना आपण इतका हिशोब करत नाही. ज्यांना दोनदा टायर बदलायचा कंटाळा आहे त्यांनी ते हिमकणाचं चित्र असलेले ऑल वेदर टायर घ्यावेत. नाव सारखं वाटतं, पण ऑल सीझन वेगळे.

"मीठ टाकतात ना रस्त्यावर?" टाकतात. साधं मीठ उणे नऊ सेल्सिअसच्या खाली जवळजवळ हात टेकतं.

बाकीच्या गोष्टी स्वस्त आहेत, तरी होत नाहीत. बॅटरी ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या. शून्य फॅरनहाइटला तिची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते आणि इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये उणे २८ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. मी तेव्हा पुण्यात फायनल इयरला स्वेटर घालून कुडकुडत होतो. टायरमधली हवा दर दहा डिग्री फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते. कूलंट जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगला असं समजून पाणी न घालता निव्वळ ओतू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतो, निम्मं पाणी घातलं की उणे छत्तीसपर्यंत टिकतो. (हे वाचून मी पुन्हा एकदा ते पुस्तक उघडलं. डिग्री परत मागतील अशी भीती वाटते.)

आणि ती वीस-वीस मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची पद्धत! काच साफ होईपर्यंत ठीक आहे. त्यापुढे इंजिन उभं राहून नाही, हळूहळू चालवूनच लवकर गरम होतं. बंद गॅरेजमध्ये तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी बर्फात रुतली असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ फावड्याने काढा, मगच इंजिन चालू करा. म्हणजे डिकीत फावडं हवं, ब्लँकेट हवं. बहुतेकांच्या डिकीत सध्या क्रिकेटची बॅट असते.

हे सगळं मी त्या मित्राला संध्याकाळी फोनवर ऐकवलं. म्हणाला, "तू फार विचार करतोस." मग मागून वहिनींचा आवाज आला, त्यांनी विचारलं टायर कुठे मिळतात. शनिवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. पहिला बर्फ पडला की त्या मोठ्या मॉलमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन दोघांनाही एबीएस दाबायला लावणार आहे. गाडी त्यांची असेल.