कर्ज देताना बेवडही विचारा

मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक (नाबार्ड), मुंबई

कृष्णाकाठी माझा अडीच एकर ऊस आहे. दरवर्षी पीककर्जाला गेलो की सात-बारा, आठ-अ, बोजा, सगळं तपासलं जातं. माती कशी आहे, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

बारा वर्षांत मी पाचट पेटवलेलं नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट सरीतच कुजतं. खोडवा मोडला की ताग गाडतो. माझ्या मातीचा सेंद्रिय कर्ब ‘कमी’च्या रकान्यातून ‘मध्यम’मध्ये आला. बांधापलीकडचं रान भरमसाठ पाण्याने क्षारपड झालं, वर पांढरी खपली आली. तरी दोघांना एकरी कर्ज सारखंच, कारण जिल्हास्तरीय तांत्रिक समिती कर्जदर ठरवते तो पिकावर. त्या समितीत आपले अधिकारीही बसतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

शिवाय व्याजात सवलत हवी तर पीककर्ज वर्षाच्या आत फेडावं लागतं. शेणखताचा, निचऱ्याच्या पाइपांचा पैसा एवढ्यात वसूल होत नाही. मग माणूस पीक उभं करणाऱ्या युरियावर खर्च करतो आणि मातीचं पुढच्या वर्षावर ढकलतो.

माझ्या तीन मागण्या आहेत. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून निघते, तिच्यात १२ घटक तपासले जातात. ती कर्जप्रकरणाला जोडा. माती सुधारायला पाच-सात वर्षांच्या मुदतीचं कर्ज सहज मिळू द्या. आणि वेळेत फेडणाऱ्याला व्याजात जशी ३ टक्के सवलत मिळते, तशी कर्ब वाढवणाऱ्यालाही मिळावी, असं सरकारकडे मांडा. ज्याचा कर्ब घटला त्याला शिक्षा नको. क्षारपड रानाला तर माती सुधारायच्या पैशाची गरज सर्वांत जास्त आहे.

माझी साठी उलटली. मला पेन्शन नाही. हात चालेनासे झाले की रान खंडाने द्यावं लागेल आणि त्या खंडावरच आम्हा नवरा-बायकोचं म्हातारपण निभेल. पाचट राखलं, ताग गाडला, ती आमची त्या दिवसांसाठीची ठेव. खंडाने घेणारा आधी बेवड विचारतो: गेल्या साली काय होतं, खत कधी घातलं. तो फार तर दोन-तीन सालांचा धनी, तरी विचारतो. बँकेचा आणि आमचा संबंध तर पिढ्यांचा आहे. तिनेही विचारावं.

आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक ऊसकरी शेतकरी