हवाई तळाच्या कुंपणाबाहेरचे नागरिक

तासगाव तालुक्यात हवाई तळ नाही. लढाऊ विमानाचा आवाज इथे क्वचितच कानी पडतो, आणि पडलाच तर बेदाणा निवडणाऱ्या बायाही हातातले काम थांबवून वर बघतात. तरीही मे 2025 मधल्या त्या चार दिवसांत आदमपूर, भूज, उधमपूर, नूर खान ही नावे आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर अशी घेतली जात होती, जणू ती शेजारच्याच गावांची नावे असावीत. कोणता तळ कुठे आहे, तिथून कोणते विमान उडते, हे शाळेतली पोरेही सांगू लागली होती.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र कुणाच्या बोलण्यात आली नाही. प्रत्येक हवाई तळाला एक कुंपण असते आणि त्या कुंपणाबाहेर माणसे राहतात. त्यांची शेती असते, घर असते, दुकान असते. तळ त्यांच्या आयुष्यात रोज असतो, युद्ध असो वा नसो. या लेखात त्यांच्याविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही अशा एका घटकाविषयी, ज्याचा विचार धोरण आखताना कुणी करत नाही.

आपल्या भागाला जवळचा तळ म्हणजे बेळगावजवळचे सांबरा. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिश हवाई दलाने तो उभारला. आज तिथे हवाई दलाच्या जवानांना घडवणारे प्रशिक्षण केंद्र आहे आणि अग्निपथ योजना आल्यापासून अग्निवीर-वायूंचे प्रशिक्षणही तिथेच होते. सांगली-सातारा पट्ट्यात पहाटे रस्त्याकडेने धावणारी पोरे आपण सगळेच पाहतो. त्यांच्यातल्या एखाद्याची निवड झाली, की मिरजेहून बेळगावची गाडी त्याच्या आयुष्याची दिशा बदलते. त्याच्या आईबापांसाठी सांबरा म्हणजे पोराच्या पगाराचे आणि घराच्या मानाचे गाव.

दुसरा तळ पुण्याचा, लोहगावचा. तो 1939 पासून आहे. गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 रोजी, येथूनच 12 कॅनबेरा विमाने उडाली आणि त्यांनी पोर्तुगीजांच्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच दिवशी सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र उडवले. दाबोळीची प्रवासी इमारत मात्र वाचवायची, असा वैमानिकांना स्पष्ट आदेश होता, कारण उद्या ती आपल्याच लोकांच्या कामी येणार होती. लढाईच्या घाईतही नागरिकांच्या उद्याचा विचार करता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुढे दाबोळी नौदलाकडे गेले. तिथली धावपट्टी नौदल आणि प्रवासी विमाने वाटून घेतात. नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातले पाच दिवस सकाळचे काही तास प्रवासी विमानांना बंद ठेवले जात. लोहगावातही तोच प्रकार आहे. 2002 मध्ये सुखोई-30 एमकेआय विमाने तिथे दाखल झाली आणि त्याच धावपट्टीवरून आपली मुले बंगळूरला, दिल्लीला, दुबईला नोकरीसाठी जातात. म्हणजे हवाई तळ हा केवळ संरक्षणाचा विषय राहत नाही. तो शहराच्या पोटापाण्याचाही विषय होतो. लोहगाव नसते तर पुणे आजचे पुणे झाले नसते.

हा लाभ सर्वांचा आहे. त्याची किंमत मात्र काही जणांच्याच वाट्याला येते. तळालगतच्या जमिनीवर हवे तसे बांधता येत नाही, घराची उंची ठरलेली असते, रात्रीच्या सरावाने तान्ही मुले दचकून उठतात. ही किंमत अन्यायाचीच असते, असे आम्ही म्हणत नाही. देशाला तळ लागतात आणि ते कुठेतरी असणारच. प्रश्न एवढाच, की किंमत कोण देतो याची नोंद सरकार ठेवते का आणि ती भरून देते का.

याबाबत एक जुना कायदा पाहण्यासारखा आहे. 1903 चा संरक्षण बांधकाम कायदा इंग्रजांनी केला आणि तो आजही लागू आहे. संरक्षण ठिकाणांच्या आसपासच्या जमिनीच्या वापरावर सरकार त्यानुसार बंधने घालू शकते. पण याच कायद्यात बंधनांमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई ठरवण्याचीही तरतूद आहे. नोटीस द्यायची, चौकशी करायची, रक्कम ठरवायची, असा क्रम त्यात घालून दिला आहे. ती भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळते का, हा वेगळा वाद. पण परक्या सरकारलाही एवढे मान्य होते, की एकाच्या जमिनीवर सर्वांसाठी बंधन आले तर त्याचे मोल सर्वांनी द्यावे.

आता दुसरा नियम पाहा. 1937 च्या विमान नियमावलीतला 91 वा नियम सांगतो, की विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून 10 किलोमीटरच्या परिघात जनावर कापू नये आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकू नये. हॉटेल, मटणाचे दुकान, मासळीचे दुकान, हाडांची गिरणी, सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे. नियमामागचे कारण खरे आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पाखरांचा उपद्रव समजावून सांगावा लागत नाही, तो मण्यांत साखर भरली की बागेवर जाळी टाकतो. विमानाच्या बाबतीत तर एक घार इंजिनात शिरली तर वैमानिकाच्या आणि खाली राहणाऱ्यांच्या जिवावर बेतते. जून 2019 मध्ये अंबाल्याहून उडालेल्या जग्वार विमानाला पक्षी धडकले. वैमानिकाला इंधनाच्या जादा टाक्या आणि सरावाचे बॉम्ब खाली टाकून विमान कसेबसे उतरवावे लागले. त्यामुळे पक्ष्यांच्या धोक्याला कुणी धर्माचा रंग देऊ नये, आणि आपणही देऊ नये.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. बंगळूरजवळच्या येलहंका हवाई तळावर दर दोन वर्षांनी एअरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन भरते. 2023 मध्ये त्यासाठी 30 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या काळात तळाभोवतीच्या 10 किलोमीटर परिसरात मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश महापालिकेने काढला. 2025 मध्ये हा परिघ 13 किलोमीटर झाला आणि बंदी 23 जानेवारी ते 17 फेब्रुवारी, म्हणजे 26 दिवसांची झाली. प्रदर्शन होते पाच दिवसांचे.

सव्वीस दिवस दुकान बंद म्हणजे काय, हे ज्याने गल्ल्यावर बसून दिवस काढले आहेत त्याला विचारा. भाडे थांबत नाही. कामगाराचे घर थांबत नाही. भिशीचा हप्ता थांबत नाही. गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडे जाते आणि कधी कधी परत येत नाही. 1903 च्या कायद्यात जमीनमालकासाठी भरपाईचा शब्द आहे. 91 व्या नियमात रोज कमावून रोज खाणाऱ्यासाठी तसा शब्द नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे तो कायद्याला दिसतो, ज्याच्याकडे फक्त सुरी आणि ठोकळा आहे तो दिसत नाही.

आणि हा केवळ मुसलमानांचा प्रश्न नाही. आपल्या भागात मुलाणी, कुरेशी यांच्याबरोबर हिंदू खाटीक समाजही याच व्यवसायात आहे, कोंबडीची दुकाने तर सर्व जातीधर्मांचे लोक चालवतात. मासळी विकणाऱ्या बाया वेगळ्याच. ही सगळी माणसे एकाच आदेशाने घरी बसतात.

विशेष म्हणजे खुद्द 91 व्या नियमातच वाट दाखवलेली आहे. दुकानदारांनी पक्षी येणार नाहीत अशी पुरेशी व्यवस्था केली असेल, तर केंद्र सरकार त्यांना लेखी परवानगी देऊ शकते. म्हणजे नियमाचा रोख मांसावर नाही, उघड्यावर पडणाऱ्या घाणीवर आहे. झाकलेले पिंप, रोज वेळेवर येणारी गाडी, बंदिस्त कत्तलखाना आणि त्याच्या मैल्याची योग्य विल्हेवाट, एवढे झाले तर घारीला तिथे काय मिळणार? मंगल कार्यालयामागे पडलेले उष्टे अन्न आणि बाजारातला कुजका भाजीपाला यांनाही तोच नियम लावायला हवा. पण कचऱ्याची व्यवस्था करायला पैसा आणि मेहनत लागते, दुकान बंद करायला एक कागद पुरतो. म्हणून प्रशासन कागद काढते.

यावर बोलायला मुस्लिम दुकानदार कचरतो. का कचरतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. विषय हवाई दलाचा, आणि प्रश्न विचारणारा मुसलमान, एवढे जुळून आले की प्रश्न बाजूला राहतो आणि निष्ठेची चौकशी सुरू होते. मे 2025 मध्ये कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी देशापुढे लष्कराची बाजू मांडली, तेव्हा सर्वांनी अभिमान व्यक्त केला. पण काही दिवसांतच मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने कर्नल कुरेशींविषयी जे उद्गार काढले, त्याची दखल तिथल्या उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. गणवेश घातलेल्या अधिकाऱ्याचीही ही गत, तर दुकानदाराचे काय?

म्हणून इथे एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांची आठवण काढावीशी वाटते. फाळणीच्या वेळी हवाई दलातल्या अधिकाऱ्यांना कोणता देश निवडायचा, हे ठरवावे लागले. त्यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान यांनी लतीफ यांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी भारत निवडला. 1971 च्या युद्धाच्या वेळी ते हवाई दलाच्या नियोजनाच्या जबाबदारीवर होते, 1978 ते 1981 या काळात हवाई दल प्रमुख झाले आणि 1982 ते 1985 आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांचे सहकारी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. रावळपिंडीजवळच्या ज्या तळावर 10 मे 2025 रोजी भारताने मारा केला, तो याच नूर खान यांच्या नावाचा आहे.

लतीफ यांचे नाव आपण निष्ठेचा दाखला म्हणून खिशात बाळगावे, असे मुळीच म्हणायचे नाही. असे दाखले मागणेही चूक आणि देत सुटणेही चूक. लतीफ यांनी जो देश निवडला, तो नागरिकाला प्रश्न विचारण्याचा हक्क देणारा देश होता. त्या हक्काचा वापर करणे म्हणजे त्यांच्या निवडीचा मान राखणेच आहे.

हक्काबरोबर जबाबदारी येते, तीही स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वस्तीत, विशेषतः बकरी ईदनंतर, उघड्यावर काही पडत असेल तर त्याला नगरपालिका जेवढी जबाबदार तेवढेच आपणही. परवाना न घेता दुकान चालवायचे आणि कारवाई झाली की समाजावर अन्याय झाला म्हणायचे, हे चालणार नाही. आणि तणावाच्या काळात विमानांच्या किंवा लष्करी हालचालींच्या चित्रफिती मोबाइलवरून पुढे पाठवायच्या नाहीत, मग त्या कौतुकाच्या का असेनात.

हे सगळे तासगावकरांनी आत्ताच का वाचावे? कारण तासगाव-सांगली रस्त्यावर कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणी आपल्याकडे अनेक वर्षे होत आहे. द्राक्ष आणि बेदाण्याच्या व्यापाराला त्याचा उपयोग होईल, असे सर्वच पक्ष सांगतात. मागणी रास्त आहे. पण 91 वा नियम लष्करी तळ आणि नागरी विमानतळ असा भेद करत नाही. उद्या कवलापुरात विमान उतरू लागले, की नकाशावर 10 किलोमीटरचे वर्तुळ निघणार आणि त्यात गावे, बाजार, दुकाने येणार. त्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा तीन गोष्टींचा आग्रह आजच धरू या.

पहिली, वर्तुळात येणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत ओल्या कचऱ्याची आणि कत्तलखान्याची बंदिस्त व्यवस्था विमानतळाच्या खर्चातच धरावी. दुसरी, नियमातली लेखी परवानगी कशी मिळते, हे दुकानदारांना मराठीत समजावून सांगावे आणि अर्जाची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. तिसरी, सार्वजनिक कारणासाठी कुणाचा धंदा बंद ठेवावा लागला, तर त्या दिवसांची भरपाई मिळावी. 1903 साली जमिनीबाबत जे तत्त्व मान्य झाले, ते आज मजुरीबाबत मान्य व्हायला हरकत काय?

या मागण्या घेऊन जाताना मुलाण्याने एकट्याने जाऊ नये. शेजारचा खाटीक, कोंबडीवाला, हॉटेलवाला आणि बागायतदार यांनाही बरोबर घ्यावे. विमान वर उडते तेव्हा त्याची सावली खाली सगळ्यांच्याच घरांवरून जाते.