डबा लहान, यंत्र मोठे

घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या भागांतील लहान घरांतून हल्ली आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे किंवा मुलगी ॲनिमेशन शिकते. ताकदीचा संगणक हवा, पण दहा बाय बाराच्या खोलीत मोठे कॅबिनेट ठेवायचे कुठे? लहान कॅबिनेटमध्ये सगळे बसेल काय?

बसेल. मात्र सामान बसवण्याआधी उष्णतेची वाट ठरवली पाहिजे.

संगणक जी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. 65 वॅटचा प्रोसेसर म्हणजे जुना 60 वॅटचा बल्ब समजा. मोठे ग्राफिक्स कार्ड 300 वॅट किंवा त्याहूनही जास्त घेते, म्हणजे बंद डब्यात पाच बल्ब पेटले. उष्णता कोंडली की 95 ते 100 अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप मंद होतो. मग महागाचा माल स्वस्तातल्या मालाएवढेच काम देतो. पतपेढीचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो!

मोठ्या संस्थांनाही हे गणित चुकलेले नाही. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक तयार केला. याच संस्थेने पुढे 'परम शावक' काढला. शावक म्हणजे बछडा. वेगळा संगणककक्ष बांधणे ज्या महाविद्यालयांना परवडत नाही, त्यांच्यासाठी टेबलापाशी मावेल असे हे यंत्र. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठी शीतयंत्रणा रात्रंदिवस चालते. आपल्या घरी ते काम दोन-तीन पंख्यांनाच करायचे आहे.

तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी कागदावर मापे लिहून घ्यावीत. सर्वांत लहान प्रचलित मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, 17 सेंटिमीटर चौरस. तो आणि त्याला जुळणारा लहान एसएमपीएस बहुधा महाग पडतात. मायक्रो-एटीएक्स बोर्ड 24.4 सेंटिमीटरचा, टेबलाखाली थोडी जागा असेल तर हा मधला मार्ग खिशाला बरा. प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी व जाडी कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहावी. पुढून किंवा खालून हवा आत, मागून किंवा वरून बाहेर, अशी पंख्यांची दिशा ठेवावी. वायरी बांधून बाजूला घ्याव्यात. समोर नुसती काच असलेले कॅबिनेट दिसायला छान, पण हवा कुठून येणार ते दुकानदाराला विचारावे.

पाण्याचा कूलर घेतला म्हणजे फ्रीज मिळाला, असे समजू नये. पाणी उष्णता फक्त जाळीपर्यंत वाहून नेते. तिथून पुढे ती खोलीतल्या हवेतच सोडायची असते. मे महिन्यात खोलीच 35 अंशांवर असेल तर आतले भाग त्याहून गरमच राहणार. लहान पंखे जोरात फिरतात, आवाजही जास्त करतात. त्याच खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपत असेल तर याचाही विचार व्हावा.

नवी मुंबईत बांधकामांची धूळ फार. दर दोन महिन्यांनी वीज बंद करून, प्लग काढून, जाळी मऊ ब्रशने साफ करावी. यंत्र कपाटात कोंडू नये, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. विणलेले सुंदर कव्हर संगणक बंद केल्यावर, तो निवल्यानंतरच घालावे.

आणि शेवटची गोष्ट. टॅली, टायपिंग आणि अभ्यास एवढेच काम असेल तर मोठे ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. उष्णता कमी, वीजबिल कमी. वाचलेल्या पैशांतून मुलीची एका सत्राची फी निघाली तर उत्तमच!