आधी कपाट उघडा

हाताने विणलेले स्वेटर कुणी घालत नाही, याचं खापर लोक हवामानावर फोडतात, नव्या पिढीवर फोडतात, आणि काहीच सुचलं नाही तर रस्त्यावरच्या स्वस्त मालावर. विणणाऱ्यांकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. मी दाखवते. हे स्वेटर कपाटात पडून राहतात, कारण ते पडून राहण्याच्याच लायकीचे विणलेले असतात.

आपल्याकडे विणकाम सुरू होतं ते नमुन्यापासून. शेजारच्या वहिनींनी पानांची जाळी घातली, म्हणून आपणही घालायची. मासिकात वेणीची वीण आली, की पाठ, पोट, बाह्या, सगळीकडे वेण्याच वेण्या. रंग कोणता? सवलतीत मिळाला तो. हा स्वेटर कशावर चढणार आहे आणि त्याच्यावर काय येणार आहे, हा प्रश्न शेवटचं बटण लागेपर्यंत कुणाच्या डोक्याला शिवत नाही. वेणीत टाके एकमेकांवर चढतात, त्यामुळे कापड आक्रसतं, जाड होतं आणि सपाट विणीपेक्षा लोकरही जास्त खातं. असल्या स्वेटरवर जाकीट चढत नाही आणि आत कुर्ता मावत नाही. मग घालायचा कधी? महाबळेश्वरला, फोटोपुरता.

पुण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. सकाळी सातला कुडकुडणारी बाई अकराला घामाघूम होते. तिला एक जाडजूड कवच नको असतं. तिला थर हवे असतात, एकेक उतरवता येणारे, घडी करून पिशवीत मावणारे. ऊब धाग्यात कमी आणि धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. म्हणूनच दोन पातळ थर बहुतेक वेळा एका जाड थराला भारी पडतात. हे आपल्या धनगराला कळतं. अंगात बंडी, वर घोंगडी. ऊन चढलं की घोंगडी खांद्यावर, पाऊस आला की तिचीच खोळ. दख्खनी मेंढीची राठ लोकर बाहेरच्या थराची, अंगाला लावायची नव्हे, हे त्याला सांगायला मासिक काढावं लागलं नाही.

आता साडीवरचा स्वेटर. हा महाराष्ट्रातला सर्वांत उघड आणि सर्वांत दुर्लक्षित गुन्हा आहे. नितंबांपर्यंत लोंबणारं ते प्रकरण, बहुधा तपकिरी. पदर आत कोंबला तर खांद्यावर उंटाचं कुबड उगवतं. बाहेर काढला तर पिन लावायची पंचाईत, कारण पिनेबरोबर धागा ओढला जातो. आत ब्लाउजच्या बाह्या चुरगळून काखेत गोळा होतात. हे सगळं सोसून बायका वर हसतमुखाने सांगतात, ‘थंडीत काय करणार!’ थंडीचा काही दोष नाही हो. विणणारीने पुरुषाच्या स्वेटरचा नमुना घेतला, छातीत थोडे टाके कमी केले, बटणं दुसऱ्या बाजूला लावली आणि झाला म्हणे लेडीज स्वेटर!

साडीवर घालायचा तर त्याची उंची निऱ्या खोचतात त्याच्या वरच संपली पाहिजे. मुंढा ब्लाउजच्या मुंढ्यापेक्षा खोल हवा. गळा पुरेसा उतरता हवा आणि त्याच्या आसपास जाळी नको, नाहीतर मंगळसूत्र दिवसभर तिच्यात अडकत राहील. बाही कोपराखाली चार बोटं, म्हणजे बांगड्या मोकळ्या. लोकर बारीक, सुई दहा नंबरची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची. आणि पाठ साधी, सपाट. पाठीवर पदर येणार आहे, तिथे मोर काढून कुणाला दाखवायचाय? कुर्त्याचं गणित वेगळं. कडेचा चिरा जिथे सुरू होतो नेमक्या तिथेच स्वेटर संपला की कुर्ता खालून फुगतो, म्हणून एकतर कंबरेवर थांबा, नाहीतर सरळ मांडीपर्यंत जा. हे कळायला शिंप्याचा डिप्लोमा लागत नाही. कपाट उघडून आपण रोज काय घालतो ते पाहावं लागतं, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही.

त्यात पुन्हा मापाचा तिटकारा. ‘आमचे हात बसलेले आहेत, आम्हाला तुकडा विणून बघावा लागत नाही!’ बरं. दहा सेंटिमीटरांत २२ टाके बसतील असं धरून तुम्ही १०० सेंटिमीटर घेरासाठी २२० टाके घातले. हात सैल पडला आणि बसले २०. घेर झाला ११०. म्हणजे जो स्वेटर जाकिटाच्या आत जायचा होता, तो आता जाकिटाच्या बाहेर राहणार. चूक दोन टाक्यांची, पण थरच बदलला. तो तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजायला एक संध्याकाळ पुरते.

एलिझाबेथ झिमरमन नावाची इंग्रज बाई अमेरिकेत जाऊन हेच सांगत राहिली. ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे तिचं पुस्तक १९७१ चं. तिची रीत टक्क्यांची. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के, मनगटाशी त्याचे साधारण २० टक्के, गळ्याशी ४०. म्हणजे २२० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ४४ आणि गळ्याशी ८८. छापील नमुन्याची गुलामी नाही, ओळी पाठ करणं नाही. आपला घेर, आपला हात, आपली लोकर. आमच्याकडे अजून ‘चार सुलट, दोन उलट’चा जप चालू आहे.

लोकरीबद्दल थोडक्यात. आपल्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं अॅक्रिलिक असतं. ते स्वस्त, धुवायला सोपं, आणि लहान मुलांच्या टोपड्यांना कसर लागत नाही हेही मान्य. पण खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषते आणि अॅक्रिलिक जेमतेम एक-दोन. अकरा वाजता अंगाला चिकटणारा तो चिकचिकाट तिथून येतो. आतल्या थराला निदान मिश्र धागा घ्या.

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘प्रेमाने विणलंय गं!’ म्हणजे तोंड बंद. ही शुद्ध दादागिरी आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याला मावशी गुडघाभर जाडीचा स्वेटर पाठवते. तो बिचारा घरात हीटर लावून टी-शर्टमध्ये बसतो आणि बाहेर पडताना जाड कोट चढवतो. कोटाच्या आत जाईल असा पातळ, बिनबाह्यांचा स्वेटर त्याने आनंदाने घातला असता. पण त्याला विचारलं कुणी? १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तो जवान कुठे उभा आहे आणि त्याला काय थंडी वाजते आहे, याची कल्पना त्या बायकांना होती. भाच्याच्या बाबतीत तेवढी चौकशी एका फोनवर होते.

राहता राहिले ‘बाजारात तीनशेला मिळतो, विणायचा कशाला?’ म्हणणारे शहाणे. तुम्ही एकदा बाजारात जाच. कमरेच्या वर संपणारा, खोल मुंढ्याचा, कोपराखाली चार बोटं बाहीचा, साडीवर बसेल असा बारीक लोकरीचा स्वेटर मागा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग पोऱ्याला हाक मारेल, आणि तो पोऱ्या वरच्या फळीवरून दहा वर्षांच्या मुलीचा गुलाबी स्वेटर काढून तुमच्यापुढे ठेवेल.