शुश्रूषेची किंमत कोणी मोजावी?

क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेचा हिशेब आपण रुग्णांच्या संख्येत मांडतो. त्या रुग्णांच्या उशाशी राबणाऱ्या परिचारिका, आया आणि सफाई कामगार या हिशेबात क्वचितच आढळतात. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत पसरतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. मुंबईत शिवडीच्या महापालिका क्षयरोग रुग्णालयातील कर्मचारी स्वतःच क्षयाने दगावल्याच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत.

उपाय अज्ञात नाहीत, फारसे खर्चिकही नाहीत. खेळती हवा, खोकणाऱ्या रुग्णांची वेगळी रांग, एन-९५ मुखपट्टी आणि कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी. केंद्र सरकारने तशा मार्गदर्शक सूचना २०१० मध्येच काढल्या. मग अडते कोठे? अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो. येथे तो कंत्राटी कामगाराच्या फुप्फुसांवर आणि त्याच्या मुलाबाळांच्या घासावर पडतो.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात आरोग्यसेवेत जडणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य मानले गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. परंतु ज्याची कधी तपासणीच झाली नाही, ज्याच्या नोकरीचा कागदही कंत्राटदाराच्या कपाटात आहे, त्याने हा हक्क मागावा कोणत्या पुराव्यावर?

म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात या संरक्षणाची स्वतंत्र तरतूद हवी आणि कंत्राटी कामगारही तिच्या कक्षेत हवेत. सेवाभावाचे गोडवे गाऊन ही बाकी फिटणार नाही.